एकीने म्हणावे, दुसरीने जोडावे

विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत इतिहासावर काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचवले. इतिहास म्हटला की परिषदा, ठराव, मोर्चे, सत्याग्रह डोळ्यांसमोर येतात. ते आपल्या लोकांनी पुष्कळ लिहिले आहे आणि अजून लिहिले पाहिजे. पण एक इतिहास असा आहे की, तो घडवणाऱ्यांना लिहिताच येत नव्हते. तो आमच्या आया-आज्यांनी पहाटेच्या अंधारात जात्यावर बसून रचला. त्याविषयी चार शब्द मांडावेत म्हणून हा लेख. त्यासाठी वाचकांना आधी थोडे जपानला न्यावे लागेल. जपानचा आणि सोलापूरचा काय संबंध, असे कुणी म्हणेल. तो पुढे आपोआप कळेल.

जपानची साखळी

जपानी कविता म्हटले की आपल्याकडे हाइकू माहीत असतो. तीन ओळींची छोटी कविता. मराठीत ती रुजवली ती आचार्य अत्र्यांच्या कन्या शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी. पण हाइकू हा मुळात एकटा नव्हता. तो एका लांब माळेचा पहिला मणी होता. त्या माळेला जपानीत रेंगा म्हणतात. रेंगा म्हणजे जोडलेली कविता.

तिची रीत अशी. चार-सहा माणसे एकत्र बसायची. पहिल्याने तीन ओळी म्हणायच्या, पाच, सात, पाच अक्षरांच्या. दुसऱ्याने त्याला सात-सात अक्षरांच्या दोन ओळी जोडायच्या. तिसऱ्याने पुन्हा तीन, चौथ्याने दोन. असे करत शंभर कड्या पुऱ्या करायच्या. एक माणूस कागद घेऊन लिहीत बसे. पहिल्या कडीत त्या दिवसाचा ऋतू आलाच पाहिजे, समोर दिसणारा मुलूख आला पाहिजे. चंद्र कुठे यावा, फुले कुठे यावीत, याचेही नियम असत.

यातला मुख्य नियम ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रत्येक कडी फक्त आपल्या आधीच्या कडीशी जोडायची. तिच्याही आधीच्या कडीकडे परत जायचे नाही. म्हणजे डोंगरावरून नदीवर यावे, नदीवरून होडीवाल्यावर, होडीवाल्यावरून त्याच्या घरावर. मागे वळून पुन्हा डोंगर नको. सबंध माळेला एक गोष्ट नसते, एक नायक नसतो. कविता पुढे पुढे चालत राहते. आम्ही गिरणीत काम करणारी माणसे हे लगेच समजू शकतो. रिंग खात्यात धागा तुटला की कामगार दोन टोके बोटांत धरून सांधतो आणि पुढच्या चातीवर जातो. कापड तयार होते तेव्हा कोणता सांधा कुणाचा, हे कुणाला सांगता येत नाही. रेंगाही तशीच होते.

या कवितेची मूळ कथा जपानच्या इ.स. ७१२च्या 'कोजिकी' या जुन्या ग्रंथात सांगितली जाते. यामातो ताकेरु नावाचा राजपुत्र मोहिमेवरून परत येत होता. त्याने प्रवासातल्या रात्रींविषयी गाण्यातून प्रश्न टाकला. बरोबरच्या मंडळींपैकी कुणाला जोड देता येईना. ती दिली शेकोटी सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्याने. त्या गाण्यात त्सुकुबा डोंगराचे नाव आहे, म्हणून पुढच्या काळात साखळी-कवितेला 'त्सुकुबाचा मार्ग' म्हणू लागले. १३५६ साली निजो योशिमोतो याने या कवितांचा पहिला मोठा संग्रह केला, त्याचे नावही त्सुकुबावरूनच ठेवले. योशिमोतो दरबारातला बडा माणूस. पण ज्या कलेचे नियम त्याने बांधले, तिच्या कथेत दुसरा कवी शेकोटीवाला आहे. ही गोष्ट आमच्यासारख्यांनी विसरू नये.

पुढे ही कला दरबारापुरती राहिली नाही. देवळांच्या आवारात फुलांच्या बहरात साधी माणसे जमून साखळ्या रचू लागली. मोठमोठे रेंगाकार बौद्ध भिक्खू होते. शिन्केई (१४०६–१४७५) हा तेंदाई पंथाचा भिक्खू. सोगी (१४२१–१५०२) हा झेन परंपरेत शिकलेला, बहुतेक आयुष्य पायी फिरण्यात घालवलेला. १४८८ साली सोगी आणि त्याचे दोन शिष्य शोहाकू व सोचो यांनी मिनासे या गावाच्या नावाने शंभर कड्यांची माळ रचली. ती जपानात आजही नमुना मानली जाते. तिची सुरुवातच डोंगर, धुके आणि नदी यांनी होते. एकही गोष्ट टिकत नाही, सगळे बदलत जाते, हा भगवान बुद्धांचा अनिच्चतेचा विचार. त्या विचाराच्या माणसांना न थांबणारी, मागे न वळणारी कविता आवडली, यात नवल वाटत नाही.

त्यानंतर दोनशे वर्षांनी बाशो (१६४४–१६९४) झाला. त्याने शंभरऐवजी छत्तीस कड्यांची माळ रूढ केली आणि भाषा साधी ठेवली. १६८९ साली तो उत्तरेकडच्या प्रदेशात पायी गेला. गावोगावच्या व्यापाऱ्यांबरोबर, नाक्यावरच्या लोकांबरोबर बसून त्याने साखळ्या रचल्या. सुकागावा या ठिकाणी जी माळ झाली, तिची पहिली कडी भातलावणीच्या गाण्यांवर आहे. एवढ्या मोठ्या कवीने चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या बायांच्या गाण्याला माळेत पहिला मान दिला. येथून आम्ही आपल्या मुलखात परत येतो.

आपली साखळी

सोलापूरपासून पूर्वेला बिदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. पूर्वी ती चालुक्यांची राजधानी, कल्याणी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ केला. त्यात महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वरी (१२९०) लिहिली जाण्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी उखळाजवळ ओवी होती. पोथीतली ओवी नंतर आली. बायांची ओवी आधीची. शाळेच्या पुस्तकात हा क्रम कुणी सांगत नाही.

आता जात्याची रीत बघा. दोघी समोरासमोर बसतात. दोघींचा हात एकाच खुंट्यावर. एकीने मूठभर जोंधळे टाकायचे आणि दोघींनी ओढायचे. एकीने ओवी म्हणायची, दुसरीने शेवटचा शब्द झेलून आपली ओवी जोडायची. भावाची आठवण निघाली की भाऊ ज्या वाटेने येतो ती वाट येते. वाटेवरून नदी येते. नदीवरून पाऊस. पावसावरून पेरणी. पेरणीवरून सावकार. एका ओवीने दुसरीला हात द्यायचा आणि पुढे जायचे. पहिली ओवी अमक्याला, दुसरी तमक्याला, अशी मोजणीची पद्धतही असते. पायलीभर दळण संपले की माळ संपली. कोणती ओवी आईची, कोणती सासूची, कोणती शेजारणीची, हे दळण संपेपर्यंत एकमेकींत मिसळून गेलेले असते. हे सगळे काही कुणी नियम करून शिकवले नव्हते. हाताच्या फेऱ्याने शिकवले.

ऋतूचेही तसेच. जपानी कवीला ऋतूचा शब्द घालावाच लागे. आमच्या बायांना तो घालावा लागत नव्हता, तो आपोआप येई. मृग आला, हस्ताचा पाऊस झाला नाही, नागपंचमीला माहेरी जायचे, आषाढात पंढरीची वाट भरली, सुगीत हुरडा आला. भीमा, सीना, चंद्रभागा ही नावे आमच्या जिल्ह्याच्या ओवीत हटकून असतात. आपला भाग अवर्षणाचा. काळी जमीन, रब्बीची ज्वारी, मंगळवेढ्याकडे तर ज्वारीचे कोठारच. ज्या दाण्याचे पीठ जात्यातून पडते, त्याच दाण्याचे शेत ओवीत असते. मुलूख पाहायला बायांना कुठे फिरायला जावे लागले नाही. मुलूख मुठीत होता.

पण येथे एक फरक सांगितलाच पाहिजे. रेंगा ही बसून, चहा पीत, सवडीने करायची कला. ओवी ही राबताना काढलेली. पहाटे तीनला उठून दळायचे, मग पाणी, मग चूल, मग दुसऱ्याच्या रानात खुरपायला. या कष्टाचे कौतुक करणाऱ्यांत आम्ही नाही. थेरीगाथेत मुत्ता नावाच्या थेरीची गाथा आहे. उखळ, मुसळ आणि वाकड्या नवऱ्यापासून सुटल्याचा आनंद ती सांगते. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती बाई आमच्या आजीची सखी वाटते. जाते गेले ते बरेच झाले. आमचा प्रश्न एवढाच की, जात्याबरोबर गाणे का जावे?

मुलूख सर्वांना सारखा दिसत नाही

निसर्गावरच्या कविता वाचताना आम्हाला नेहमी एक विचार येतो. नदी सर्वांची, असे कवी म्हणतो. पण गावकुसाबाहेरच्या माणसाला नदी तशी नव्हती. वरचा घाट कुणाचा, खालचा कुणाचा, हे ठरलेले होते. विहिरीवर बादली टाकता येत नव्हती. कुणीतरी वरून ओतेल तेव्हा पाणी. म्हणून पाणवठ्याचे वर्णन एका आळीतल्या ओवीत एक असते आणि दुसऱ्या आळीतल्या ओवीत दुसरे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा आमच्यासाठी पाण्याचे वर्णनच बदलले. त्यानंतरच्या ओव्यांत, जलशांत, गीतांत पाणी येते ते हक्काचे पाणी म्हणून येते.

आपल्या जिल्ह्यात याचा जुना दाखलाही आहे. चौदाव्या शतकातले चोखामेळा. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळून चोखोबा मजुरांसह गाडले गेले. गावकुसाच्या आत ज्यांना जागा नाही, त्यांनीच गावकूस बांधायचे आणि त्याखालीच मरायचे! या एका घराने केवढी कविता केली ते पाहा. चोखामेळा, त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. एका घरातले पाच जण अभंग रचतात. एकाच्या प्रश्नाला दुसऱ्याच्या अभंगात जोड मिळते. विटाळ म्हणजे काय, हे सोयराबाईने विचारले. हीन जन्माला का घातले, हे कर्ममेळ्याने देवालाच खडसावून विचारले. एका घरात बसून रचलेली ही आपली साखळी आहे.

काही कार्यकर्ते म्हणतात, आता आपण बौद्ध झालो, विठोबाच्या ओव्या, चोखोबाचे अभंग आपल्याला कशाला? या प्रश्नामागची तळमळ आम्हाला समजते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे सोडले ते सोडले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने पुन्हा त्या वाटेला जाऊ नये. पण पूजा वेगळी आणि इतिहास वेगळा. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला आहे. ज्यांनी देव नाकारला, त्यांनी चोखोबाचे नाव पुसले नाही. मग आपण आपल्या आजीच्या ओव्या पुसायच्या कशा? त्या ओव्यांत देवाचे नाव असेल, पण आजीचा दिवस, तिची भाकरी, तिचा पाणवठा, तिच्या गावचा पाटील हेही त्यातच आहेत. दुसरीकडे ते कुठेच लिहिलेले नाहीत.

आणि बायांनी स्वतः काय केले ते बघा. त्यांनी खुंटा तोच ठेवला, चाल तीच ठेवली आणि नवी कडी जोडली. पहिली ओवी देवाला म्हणायची, तेथे बुद्ध, धम्म, संघ आले, भीमराव आले, रमाई आल्या. साखळी-कवितेचा नियमच आहे, मागे वळायचे नाही, पुढे जोडायचे. धर्मांतराचा अर्थ इतक्या सहजपणे कुठल्या पंडिताने सांगितला असेल असे वाटत नाही. मराठवाड्यात माजलगावच्या भीमनगरात अशा ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित करून ठेवल्या गेल्या.

हे काम ज्यांनी केले त्यांचा उल्लेख कृतज्ञतेने केला पाहिजे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातव्हँ (१९३४–२००४) यांनी गावोगाव कार्यकर्ते घेऊन जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. एक हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक बाया, एक लाखाहून अधिक ओव्या, एवढा तो साठा आहे. पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' या संस्थेने २०१७ पासून तो लोकांसमोर आणला. साने गुरुजींनीही 'स्त्रीजीवन'मध्ये पूर्वी ओव्या गोळा केल्या होत्या. पण जात्यावरच्या या साठ्याचे विशेष असे की, ओवीबरोबर म्हणणारीचे नाव आणि गाव नोंदवले गेले. आमच्या दृष्टीने याचे मोल फार आहे. ज्यांची नावे सातबाऱ्यावर आली नाहीत, त्यांची नावे निदान ओवीवर आली.

'हे साहित्यच नव्हे'

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानात मासाओका शिकी (१८६७–१९०२) नावाचा मोठा कवी झाला. पहिल्या कडीला स्वतंत्र करून तिला हाइकू हे नाव रूढ करणारा तोच. त्याने निकाल दिला की, पहिली कडी हे साहित्य, पण पुढची साखळी साहित्य नव्हे. कारण त्याच्या मते साखळीत मोल बदलाला असते, आणि बदल हा साहित्याचा गुण नव्हे. त्यानंतर रेंगा मागे पडली आणि हाइकू जगभर गेला.

हा निकाल आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडेही ओवीला लोकसाहित्य म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवले गेले. एकाचे नाव छापले की कविता, आणि पन्नास जणींनी मिळून केली की नुसती चाल! ज्याच्याकडे कागद, दौत आणि सवड, त्याचे नाव राहते. बाकीच्यांचे काम राहते, नाव जाते. गिरणीतही हेच पाहिले. सोलापूरची चादर साऱ्या देशात गेली. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी निघाली, ती काढणाऱ्या मालकाचे नाव पुस्तकात आहे. ज्यांनी मागावर आयुष्य काढले, त्यांची नावे फार तर हजेरीपटावर. पुढे मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि हजेरीपटांचाही पत्ता राहिला नाही.

पण शिकीचा निकाल जगाने शेवटचा मानला नाही. मेक्सिकोचे कवी ऑक्टाव्हिओ पाझ हे १९६२ ते १९६८ भारतात राजदूत होते. त्यांच्या देशात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, तेव्हा निषेध म्हणून त्यांनी ते पद सोडले. दुसऱ्याच वर्षी, १९६९ साली, पॅरिसच्या एका हॉटेलच्या तळघरात ते इटलीचे सांग्विनेती, इंग्लंडचे टॉमलिन्सन आणि फ्रान्सचे रूबो यांच्याबरोबर बसले. चौघांनी चार भाषांत एक रेंगा रचली आणि तिचे पुस्तक केले. चार देशांचे कवी एका माळेत. पाझ यांना पुढे १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. तळघरात बसून जगातल्या नामवंत कवींना जे नवे म्हणून करून पाहावेसे वाटले, ते मंगळवेढ्याच्या, मोहोळच्या, अक्कलकोटच्या वाडीवस्तीत रोज पहाटे चालू होते.

आता काय करावे

'गिरणी' या शब्दाची गंमत बघा. एका गिरणीने सूत काढले, दुसऱ्या गिरणीने पीठ. पिठाची गिरणी गल्लीत आली आणि जाते कोपऱ्यात गेले. कापडाच्या गिरणीने गावची माणसे चाळीत आणली. त्या दोन्हींच्या मध्ये ओवी अडकली. आज वस्तीत ओवी येणाऱ्या म्हाताऱ्या फार थोड्या उरल्या आहेत. त्यांपैकी कित्येकींना आपल्याला काही येते हेच पटत नाही. विचारले तर म्हणतात, "ते काय, दळताना तोंडातून निघायचं." जे दळताना निघायचे ते खुंटा हातात असल्याशिवाय आठवत नाही, हेही खरे. म्हणून नुसते विचारून चालणार नाही.

आमची सूचना साधी आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्या काळात आठवड्यातली एक संध्याकाळ म्हाताऱ्या बायांना द्यावी. कुणाच्या घरी जाते पडून असेल तर आणून मांडावे. दोघींना समोरासमोर बसवावे, मूठभर ज्वारी टाकावी. एक म्हणेल, दुसरीला आठवेल. मुलांनी मोबाइलवर आवाज घ्यावा आणि वहीत तीन गोष्टी न चुकता लिहाव्यात. म्हणणारीचे पूर्ण नाव, तिचे माहेर आणि सासर, आणि ती ओवी तिने कुणाकडून घेतली. ओवी देवाची असो, भावाची असो, भीमाची असो, एकही शब्द सुधारू नये. बोलीतला शब्द शुद्ध करू नये. निवड करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरी गोष्ट तरुण मुलामुलींसाठी. त्यांनी विहाराच्या पायरीवर बसून स्वतः साखळी रचून पाहावी. पहिल्याने समोर दिसते ते सांगावे. सिद्धेश्वर तलाव, हिप्परग्याचे पाणी, उन्हात तापलेला माळ, बंद गिरणीची भिंत, विडीच्या पानांचा गठ्ठा घेऊन चाललेली मावशी. दुसऱ्याने आधीच्याचा एक शब्द उचलून पुढे जावे. मराठीत, कानडीत, तेलुगूत, ज्याची जी भाषा असेल तीत जोडावे. सोलापूरला हे जमेल, कारण आपल्या गल्लीत तिन्ही भाषा एका नळावर पाणी भरतात. फक्त नियम पाळावा, मागच्याचे नीट ऐकल्याशिवाय आपले बोलायचे नाही. हा एक नियम आपल्या सभांना आणि संघटनांना लागला तरी पुष्कळ काम होईल.

थेरगाथेत मोठ्या महाकाश्यपाला डोंगरावरचा पाऊस आणि मोर दिसतात आणि त्याच ग्रंथात झाडू मारणारा सुनीत आपली कहाणी सांगतो. थेरीगाथेत पाणी वाहणारी दासी पुण्णिका ब्राह्मणाला प्रश्न विचारते. त्यांच्या गाथा आज आपल्यापर्यंत आल्या, कारण त्या काळच्या भिक्खूंनी त्या पाठ केल्या, पुढच्यांना दिल्या आणि नाव गाळले नाही. आपल्या आयांची नावे गाळायची की ठेवायची, हे आता आपल्या हातात आहे. वही शंभर पानी घ्यावी. येत्या वर्षावासात ती भरली तर पुढच्या वर्धापनदिनाला तीच स्मरणिका म्हणून छापावी, आणि मुखपृष्ठावर कुणाही पुढाऱ्याच्या नावाआधी त्या बायांची नावे घालावीत.

जय भीम! नमो बुद्धाय!